चार नंबर सोडू नको

प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला तेव्हा काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, ‘ऐकतोय.’ आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत खिडकी बंद झाली. ऐकतोय म्हणाला आणि चालता झाला! ठेच खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसली. शेजारच्या टेबलावरून फाडफाडनं मान वर करून विचारलं, "काय झालं?" तिनं नुसता हात हलवला. त्याला काय सांगणार? जन्मभर माणसांनी तिला "हं, बोल, ऐकतोय" म्हटलं आणि पहिल्या शब्दालाच पाठ फिरवली. आता तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला हा पठ्ठ्याही त्यातलाच निघाला होता.

ठेच हे नाव शाळेतलं. बोलताना ती प्रत्येक चौथ्या शब्दाला अडखळायची, म्हणून वर्गातल्या कुणीतरी ते ठेवलं. तिनं रडून, चिडून, दप्तर फेकून मारून पाहिलं. शेवटी तेच नाव वह्यांवर लिहायला सुरुवात केली आणि चिडवणाऱ्यांची मजा गेली. नोकरीला लागल्यावर कॉम्प्युटरवर नाव टाकायची वेळ आली तेव्हाही तिनं ‘ठेच’च टाकलं. फाडफाडचं नाव मात्र ऑफिसनं ठेवलेलं. तोही प्रोग्रॅमर, तिच्यानंतर दोन वर्षांनी आलेला. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, त्यामुळे मॅनेजरसाहेबांच्या सगळ्या मिटिंगांना तोच जायचा.

कारखाना कापड रंगवायचा. खाली रंगखात्यात सहा टाक्या, आणि तिथल्या माणसांच्या हातात कोपरापर्यंत रबरी हातमोजे. ओल्या हातानं बटणं दाबायची म्हणजे दर वेळी मोजे काढा, हात पुसा, तोवर रंगाची वेळ उलटून जाते. म्हणून ठरलं की कॉम्प्युटरनं माणसांचं बोलणं ऐकावं आणि पाण्याचे व्हॉल्व्ह त्यानंच उघडावेत. टाकीची वेळ भरली की तो स्पीकरवरून म्हणणार, "तीन नंबर, वेळ झाली." मग रंगमास्तर कापडाचं टोक काठीनं वर उचलून बघणार. रंग चढला असेल तर कॉलरला लावलेल्या माइकमध्ये म्हणणार, "तीन नंबर सोड." की व्हॉल्व्ह उघडून रंगाचं पाणी गटारात. रंग अजून कच्चा असेल तर म्हणणार, "तीन नंबर सोडू नको." की वेळ दहा मिनिटांनी पुढे. काम एवढंच, आणि ते ठेचकडे आलं होतं.

आता ऐकायच्या दोन तऱ्हा असतात. एकात प्रोग्रॅम हातातलं सगळं टाकून तोंडाकडे बघत बसतो. समोरचा बोलेपर्यंत दुसरं काही करत नाही. सहा टाक्यांची घड्याळं चालवायची असताना हे परवडणारं नव्हतं. दुसऱ्या तऱ्हेत तो एक कान दाराशी ठेवतो आणि आपलं काम करत राहतो. कानाला काही ऐकू आलं की कान हाक मारतो, आणि त्या त्या हाकेला काय करायचं ते आधी लिहून ठेवलेलं असतं. ठेचनं ही दुसरी तऱ्हा घेतली होती. पण कान दाराशी बसवल्यावर प्रोग्रॅमला पुढे काहीच काम उरलं नाही. तो शेवटच्या ओळीला पोचला आणि कानासकट घर बंद करून निघून गेला. नवशिक्याची चूक. तिनं शेवटी एक ओळ घातली: कुणी एंटर दाबेपर्यंत इथून हलायचं नाही. पुन्हा चालवला. ‘ऐकतोय,’ तो म्हणाला आणि खरोखरच थांबून राहिला. ऐकायचं असेल तर आधी जागेवर थांबावं लागतं, हे लोकांना कळत नाही ते एका ओळीत त्याला कळलं याचा तिला आनंद झाला.

तीन आठवडे ती त्याच्याशी बोलत होती. स्वतःच्याच तोंडानं तपासायचं हे तिनं पहिल्या दिवशी ठरवलं होतं. माझं ऐकलं तर कुणाचंही ऐकेल, हा त्यामागचा हिशोब. कान तीन तऱ्हेच्या हाका मारायचा. वाक्य चालू असतानाच ‘अंदाज’ म्हणून एक हाक: मला वाटतं असं काहीतरी म्हणताहेत. वाक्य पुरं झाल्यावर ‘ऐकलं’ म्हणून दुसरी: हे म्हणाले. आणि काहीच जुळलं नाही तर तिसरी, त्यावर तिनं वाक्य लिहून ठेवलं होतं, "कळलं नाही. पुन्हा सांगा." अंदाजाची हाक तिनं फक्त पडद्यावर दाखवायला ठेवली, व्हॉल्व्हला हात लावायचा तो ‘ऐकलं’च्या हाकेवरच.

वाक्य संपलं हे कानानं ओळखायचं शांततेवरून. कानाचं सॉफ्टवेअर तयार आणलेलं होतं, त्यात ती शांतता अर्ध्या सेकंदाची होती. अर्ध्या सेकंदात ठेचचं काय होणार? ‘न’ हे अक्षर म्हणजे तिचं सगळ्यात जुनं वैर. तिनं घड्याळ लावून मोजलं, तर न घशात अडकला की जास्तीत जास्त पावणेदोन सेकंद अडकतो. तिनं शांतता दोन सेकंदांची केली.

रंगमास्तरांना हे आवडलं. मास्तर म्हातारे, तिरसट, आणि बोटं कायमची निळी. पण ती बोलायला लागली की ते काठी टेकून उभे राहत आणि वाक्य संपेपर्यंत टाकीकडे बघत. "कापडाला रंग चढायला लागतो तेवढा वेळ लागतो, पोरी," ते म्हणाले. "घाई करणाऱ्याचं कापड पहिल्या धुण्यात पांढरं." त्यांच्याच सांगण्यावरून तिनं आणखी एक गोष्ट घातली: प्रोग्रॅम कुठल्याही कारणानं बंद झाला, तर सगळे व्हॉल्व्ह आपोआप बंद.

मॅनेजरसाहेबांना मात्र ते दोन सेकंद खुपले. मालक येऊन बघणार होते.

"सोड म्हटल्यावर दोन सेकंद काहीच होत नाही? मालकांना वाटेल बंद पडलंय."

"साहेब, त्या दो… दोन सेकंदांत तो…"

"विचार करतोय, हो ना? कळलं मला." कळलं नव्हतं. साहेबांनी काम दोन दिवसांसाठी फाडफाडकडे दिलं, आणि दोन दिवसांत त्यानं चमत्कार केला. ‘सोड’ तोंडातून बाहेर पडायच्या आत व्हॉल्व्ह खटकन उघडायला लागला. ऑफिसनं टाळ्या वाजवल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

त्या दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आवाज एकदम मऊ. "हे बघ, लिहितेस तू उत्तम. पण मालकांसमोर दाखवायचं, मग खालच्या माणसांना शिकवायचं, हे बोलण्याचं काम. ते तो करेल. तू वर बसून आकडे भरायचं जुनं काम बघ. तुलाही त्रास नको. मान्य आहे ना?"

"साहेब, मला मान्य…" ती म्हणाली, आणि न अडकला.

"शाब्बास! मला माहीत होतं, तू समजूतदार आहेस." साहेब उठले, तिच्या खांद्यावर थोपटून बाहेर पडले. ती बंद दाराकडे बघत उभी राहिली. तिच्या तोंडातला ‘नाही’ एक सेकंद उशिरा बाहेर आला आणि तो ऐकायला केबिनमध्ये टेबलफॅन तेवढा होता.

तिला राग आला तो साहेबांचा कमी आणि स्वतःचा जास्त, कारण हे तिच्या बाबतीत पहिल्यांदा घडत नव्हतं. सात वर्षांपूर्वी घरी पाहुणे बसले होते. मुलाच्या आईनं विचारलं, "काय गं, तुला पसंत आहे ना सगळं?" ती म्हणाली होती, "मला मान्य…" आणि तिच्या आईनं हसून पुढचं वाक्य पुरं केलं होतं, "मान्य आहे म्हणतेय. लाजते हो जरा." दीड वर्षांनी ती दोन बॅगा घेऊन परत आली. आई रडली, म्हणाली, "अगं, तेव्हाच का नाही बोललीस?" बोलले होते, आई. तू ऐकायला थांबली नाहीस.

त्या आठवणीसरशी ती टेबलाशी गेली आणि फाडफाडनं काय बदललं ते उघडून बघितलं. बदल एका ओळीचा. व्हॉल्व्ह त्यानं ‘ऐकलं’ऐवजी ‘अंदाज’च्या हाकेला जोडला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिनं मनातल्या मनात मास्तरांचं वाक्य त्याच्यातून चालवून बघितलं. ‘चार नंबर सोडू नको.’ ‘चार नंबर सोड’ इतकं कानावर आलं की अंदाज हाक मारणार. व्हॉल्व्ह उघडणार. मग मागून ‘नको’ येणार, गाडी गेल्यावर फलाटावर धापा टाकत आलेल्या माणसासारखा. आपल्या बोलण्यात नकार शेवटी येतो. येणार नाही, करू नको, मान्य नाही. जो शेवटपर्यंत ऐकत नाही त्याला होकारच होकार ऐकू येतो. तिच्या आईनं केलं तेच हा आता सहा टाक्यांच्या बाबतीत करणार होता, आणि तेही तिच्या प्रोग्रॅममधून.

ती फाडफाडकडे गेली. "तू अंदाजावर व्हॉल्व्ह जो… जो…"

"जोडलाय, हो. स्पीड बघ ना!"

"‘नको’ ऐ… ऐकू येणार नाही त्याला."

"अगं, नको म्हणतं कोण? दहातून एकदा." तो पुन्हा फोनवर बोलायला लागला. मग तिनं साहेबांना लिहून कळवलं, चार ओळींत, मुद्द्याचं. साहेबांचं उत्तर आलं, "प्रात्यक्षिक झाल्यावर बघू."

आकडे भरायला वर बस, असं तिला सांगितलेलं होतं. मालक आले त्या सकाळी ती वर बसली नाही. एप्रन चढवला, सरळ रंगखात्यात उतरली आणि कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी जाऊन उभी राहिली. साहेबांनी डोळे वटारले. तिनं ते बघितले आणि जागची हलली नाही.

फाडफाडनं सुरुवात झकास केली. मालक म्हणजे बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. हात पाठीमागे बांधून ऐकत होता. "दोन नंबर सोड," फाडफाड म्हणाला आणि व्हॉल्व्ह वाक्याच्या आधीच उघडला. मालकांच्या भुवया वर गेल्या. साहेबांचं हसू कानापर्यंत. एवढ्यात स्पीकर बोलला, "चार नंबर, वेळ झाली."

"आता हे आमचे मास्तर करून दाखवतील," साहेब म्हणाले. "अगदी साधा माणूससुद्धा वापरू शकतो."

साध्या माणसानं साहेबांकडे एकदा बघितलं आणि काठीनं कापडाचं टोक वर उचललं. गडद निळं व्हायचं कापड अजून आकाशीच होतं. मास्तरांनी मान हलवली आणि रोजच्या सवयीनं माइकमध्ये म्हणाले, "चार नंबर सोडू नको."

खटकन व्हॉल्व्ह उघडला. निळं पाणी भसाभस गटारात चाललं. "नको म्हटलं ना! ए, नको!" मास्तर ओरडले. फाडफाड माइकमध्ये "थांब, बंद, बंद कर!" म्हणत सुटला, त्यातला एकही शब्द प्रोग्रॅमला शिकवलेला नव्हता. साहेब व्हॉल्व्हचं चाक शोधत टाकीभोवती फिरायला लागले. ठेचनं हात लांब केला आणि एंटर दाबलं.

काळी खिडकी बंद झाली. व्हॉल्व्ह बंद झाला. टाकीत अर्धं पाणी उरलं.

"प्रोग्रॅम कुणी लिहिलाय?" मालकांनी विचारलं.

"मूळचा हिचाच आहे," साहेब तत्परतेनं म्हणाले. टाळ्यांच्या वेळी तो फाडफाडचा होता.

"काय झालं नक्की?" मालक तिच्याकडे वळले.

"सर, कान दो… दोन…"

"ती म्हणतेय की थोडी तांत्रिक अडचण—"

"मी अजून म्ह… म्हणत नाहीये, साहेब. म्हणून झालं की क… कळेल." तिचा आवाज चढला होता आणि तिनं तो खाली आणला नाही. मास्तरांनी काठी टेकली आणि ते टाकीकडे बघत उभे राहिले.

मग ती बोलली. सगळं बोलली. अंदाज काय, ऐकणं काय, एक ओळ कुठली बदलली आणि का, आणि नकार शेवटी कसा येतो. फाडफाडनं जे वीस सेकंदांत उडवून दिलं असतं, त्याला तिला चार मिनिटं लागली. प्रत्येक अडकलेल्या अक्षराशी ती थांबली, एकाही शब्दाला सोपा शब्द शोधून वळसा घातला नाही. ‘नको’ हा शब्द तिनं त्यात सहा वेळा वापरला, मुद्दाम. मालकांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. ती बोलतच राहिली. दुसऱ्यांदा त्यांनी बघितलं नाही.

बोलून झाल्यावर तिनं ती एक ओळ पुन्हा होती तशी केली आणि मास्तरांच्या कॉलरचा माइक काढून स्वतःच्या कॉलरला लावला.

"तू कशाला?" साहेब कुजबुजले. "मास्तरांना बोलू दे. तुझं त्याला कळणार नाही."

तिनं प्रोग्रॅम चालू केला. ‘ऐकतोय.’

"चार नंबर सो… सोडू… न…" न अडकला. इतकी माणसं बघत असताना तो पावणेदोन सेकंदांत कसा सुटणार? पडद्यावर उमटलं, ‘अंदाज: चार नंबर सोड.’ साहेबांनी डोळे मिटले. दोन सेकंद झाले. व्हॉल्व्ह हलला नाही. स्पीकर बोलला, "कळलं नाही. पुन्हा सांगा."

कान लाल झाले तरी तिला हसू आलं. आजवर तिचं वाक्य अर्ध्यात राहिलं तेव्हा एकानंही असं म्हटलं नव्हतं. सगळ्यांना सगळं कळलेलंच असायचं.

"चार नंबर सो… सोडू… न… नको."

एक सेकंद. दोन. ‘ऐकलं: चार नंबर सोडू नको.’ व्हॉल्व्ह जागच्या जागी, आणि चार नंबरच्या घड्याळात दहा मिनिटं वाढली. मास्तरांनी समाधानानं नाक ओढलं आणि उरलेल्या पाण्यात नवा रंग कालवायला घेतला. अजून कापड वाचण्यासारखं होतं.

मालकांनी पडद्यावरची ओळ वाकून वाचली. मग म्हणाले, "ठीक आहे. प्रोग्रॅम हिचाच ठेवा, दोन सेकंदांसकट." ते दाराकडे वळले आणि जाता जाता सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "पण माणसांना शिकवायचं, समजावायचं, ते याला करू दे. बोलायला बरा आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आता नाही चुकणार तो. तुम्ही मागे राहून लिहीत राहा. मान्य आहे?"

प्रश्न त्यांनी चालता चालता विचारला होता आणि पुढचं पाऊल उचललंही होतं. साहेबांनी तोंड उघडलं. ठेचनं त्यांच्यासमोर हाताचा पंजा धरला, अगदी नाकापुढे.

"मला मान्य…" ती म्हणाली.

न अडकला. घशात, जिभेच्या मुळाशी, दातांमागे, सगळीकडे एकदम. फाडफाड खाली बघायला लागला. कुठल्याशा टाकीत पाणी गुडगुडलं. तिनं मान झटकली नाही, डोळे मिटले नाहीत, पंजा खाली घेतला नाही. मालक थांबले. दारातून मागे फिरले आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहिले. पाच सेकंद गेले असतील, कदाचित सात.

"…नाही," ती म्हणाली. "मान्य नाही."

माइक अजून तिच्या कॉलरलाच होता. हे वाक्य प्रोग्रॅमला शिकवलेलं नव्हतं. दोन सेकंद थांबून भिंतीवरच्या स्पीकरनं अख्ख्या रंगखात्याला ऐकू जाईल असं विचारलं, "कळलं नाही. पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं.